बाई, खालची ओळ दिसंना

या महिन्यातल्या निम्म्या पत्रांत एकच धास्ती आहे: ‘तपासणीत मी काहीतरी चुकीचं सांगितलं असेल का?’ सांगली जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत एकतीस वर्षं नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून काढली, त्यामुळे ही धास्ती माझ्या चांगल्या ओळखीची आहे. जतकडच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत तपासणीला गेले होते. एका पोराचा डोळा झाकायच्या आतच त्यानं तक्त्याची शेवटची ओळ धडाधड म्हणून दाखवली. तक्ता एकच, रांग लांब, पुढच्यांनी मागच्यांना ओळ पाठ करून दिलेली. आणि अख्ख्या रांगेत फळा न दिसणारा तोच एकटा निघाला. तेव्हापासून पिशवीत दोन तक्ते ठेवत आले. आता पत्रांकडे वळू.

प्रश्न : वय ४३, पलूस तालुक्यात शिक्षिका आहे. फळा, मागच्या बाकावरची मुलं, एसटीची पाटी, सगळं लख्ख दिसतं. पण वह्या तपासताना हात लांब लांब जातो आणि संध्याकाळी कपाळ ठणकतं. घरचे म्हणतात, एकदा चष्मा लावला की डोळ्यांना सवय लागते, मग नंबर वाढतच जातो. व्यायाम करून टाळता येईल का?

नाही टळणार. आपल्या भाषेनं तर या चष्म्याला नावच वयाचं दिलंय: चाळिशी. तुमची तीन वर्षं उशिरा आली म्हणा हवं तर.

प्रकाश डोळ्यात शिरतो तो आधी बुबुळाच्या समोरच्या पारदर्शक काचेतून. डोळ्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर (प्रकाश वळवण्याच्या ताकदीचं माप, चष्म्याचा नंबर यातच मोजतात). त्यातलं दोन तृतीयांश काम ही पुढची काचच करते, आणि ती कधी आकार बदलत नाही. बदलतं ते आतलं भिंग. ते बारीक धाग्यांनी चारी बाजूंनी ताणून बांधलेलं असतं. लांब बघताना धागे ताठ आणि भिंग चपटं. जवळचं बघायचं झालं की भोवतीचा कड्यासारखा स्नायू आवळतो आणि धागे सैल पडतात. ऐकायला उलटं वाटतं, पण बाजेची चौकट चारी बाजूंनी आत सरकवली तर सुंभ ढिलं पडेलच ना? ताण सुटला की भिंग आपल्या लवचिकपणानं फुगतं आणि वहीवरची अक्षरं डोळ्याच्या मागच्या पडद्यावर नेमकी उमटतात.

भिंगावर जन्मभर नवे थर चढत राहतात आणि जुना एकही थर बाहेर पडत नाही. कांद्यासारखं ते आतून दाटत, कडक होत जातं. दहा वर्षांच्या मुलाकडे हे फुगण्याचं बळ १४ डायॉप्टरच्या आसपास असतं, म्हणून ते पोर पुस्तकात नाक खुपसूनही वाचू शकतं. चाळिशीत ते ४-५ वर येतं, साठीला जेमतेम १ उरतं. वही ४० सेंटिमीटरवर धरली तर अडीच डायॉप्टर लागतात. म्हणजे शिल्लक आहे त्यातलं निम्म्याहून जास्त तुम्ही दिवसभर उपसताय. पगारातली बहुतेक रक्कम हप्त्यात गेल्यावर जे होतं, तेच संध्याकाळी तुमच्या कपाळाला होतंय.

व्यायामाचा उपयोग नाही, कारण बिघाड स्नायूत नाहीच. स्नायू बिचारा अजून आवळतोय, भिंगच फुगायला तयार नाही. नंबर वाढणार हेही खरं, साठीपर्यंत हळूहळू वाढतो. पण तो चष्मा लावला म्हणून नव्हे, वाढदिवस येतात म्हणून. चष्मा न लावणाऱ्या माझ्या मावशीचाही वाढला, तिला तो कळला नाही इतकंच. शेजारच्या पोरांकडून सुईत दोरा ओवून घ्यायची आणि वर म्हणायची, ‘हल्ली सुयांची भोकंच बारीक काढतात.’

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र मला महत्त्वाचं वाटलं: वही टेबलावर असते आणि तुम्ही ताठ बसून तपासता. हे तपासणाऱ्याला सांगा. माझी एक चूक सांगते. मिरजेचे एक सतारमेकर आले होते, वय पन्नाशीचं. मी वयाप्रमाणे जवळचा नंबर काढला, छोटा तक्ता हातात दिला, त्यांनी खणखणीत वाचला. मी खूश. चार दिवसांनी चष्मा हातात घेऊन परत. ‘बाई, पेपर झकास दिसतोय, पण मी पेपर वाचून पोट भरत नाही.’ पुढच्या खेपेला सतारच घेऊन आले. मांडीवर धरली, कानस हातात घेतली आणि घोडीवर जवारी काढताना, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी घासून आवाज जमवताना, डोळा कुठे असतो ते दाखवलं. तारेखाली पडणारी उजेडाची बारीक तिरीप बघत हात चालवायचा असतो. टेपनं मोजलं तर ५५ सेंटिमीटर. मी ४० धरून नंबर दिला होता. पाऊण डायॉप्टर कमी केला, काम झालं. १०० ला सेंटिमीटरनं भागा, की त्या अंतराला किती डायॉप्टर लागतात ते निघतं. साधा भागाकार आहे, तुम्ही तर शिक्षिका आहात. घरून निघताना डोळा ते वही टेप लावून मोजा आणि तो आकडा घेऊन जा.

बाजारात टांगलेले तयार चष्मे अडीनडीला चालतात. पण त्यांत दोन्ही काचा एकाच नंबरच्या असतात, दोन्ही डोळे मात्र क्वचितच एकसारखे असतात.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे, गाव कवठेमहांकाळ तालुक्यात, द्राक्षबाग आहे. वीस वर्षं वाचायला चष्मा लागायचा. गेल्या सहा महिन्यांत तो काढून ठेवलाय आणि पेपर वाचतात! गावातले म्हणतात, डोळ्यात मध घालतात त्याचा गुण. आम्हीही सुरू करावं का?

मध आधी बंद करा. डोळ्यात जंतू घालायचा तो राजमार्ग आहे.

आता वडिलांना एक प्रश्न विचारा: वाचायला चष्मा सुटला, पण बागेच्या दुसऱ्या टोकाला कोण उभं आहे ते पूर्वीसारखं ओळखू येतं का? बहुतेक ‘नाही’ म्हणतील, किंवा विषय बदलतील. भिंगाचा मधला गाभा दाट होतो तेव्हा त्याची प्रकाश वळवण्याची ताकद वाढते. डोळ्याला आपोआप मायनस नंबर येतो, आणि मायनस नंबरवाल्याला जवळचं उघड्या डोळ्यांनी दिसतं. चाळिशीचा प्लस आणि हा नवा मायनस एकमेकांना खाऊन टाकतात. घरात पेढे वाटले जातात, आणि ती मोतीबिंदूची सुरुवात असते. मी असे पेढे दोनदा खाल्लेत, खाऊन झाल्यावर खरं सांगितलं.

हा आनंद काही महिने, फार तर दोनेक वर्षं टिकतो. मग गाभा पिवळट, पुढे तपकिरी होतो आणि जवळचंही मंदावतं. रंग आधीच बिघडलेले असतात, पण हळूहळू बिघडल्यामुळे कळत नाहीत. पिवळं भिंग निळा प्रकाश अडवतं. तासगावकडच्या एक बाई बेदाणा निवडायच्या कामाला होत्या. हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, काळपट वेगळा, असं आयुष्यभर हातासरशी केलेलं. मुकादमाची बोलणी खायला लागल्या, कारण हिरव्याच्या ढिगात पिवळा निघायचा. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि आठवड्यानं त्या माझ्यासमोर पदरातून मूठभर बेदाणा घेऊन बसल्या. एक डोळा झाकायच्या, मग दुसरा. ‘बाई, ह्या डोळ्यानं हिरवा, त्या डोळ्यानं पिवळा. मग खरा कुठला?’ मी म्हटलं, ऑपरेशन झालेल्या डोळ्याचं ऐका.

‘पिकू द्या, मग काढू’ हे आजोबांच्या काळचं. तेव्हा पूर्ण भिंग काढायचे, आत काही बसवत नसत, आणि मग सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा प्लस दहाचा चष्मा नाकावर यायचा. आतलं कृत्रिम भिंग हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनमध्ये १९४९ साली पहिल्यांदा बसवलं. युद्धात विमानाच्या काचेचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, तरी डोळा ते निमूट सहन करतो हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून त्याच जातीचं प्लॅस्टिक त्यांनी निवडलं. आता मोतीबिंदू पिकायची वाट बघण्यात तोटाच आहे. फार कडक झाला की फोडून काढायला जड जातो आणि कधीकधी फुगून डोळ्यातला दाब वाढवतो. रोजच्या कामात अडायला लागलं, की ती वेळ. वडिलांचं कुठं अडतं ते त्यांना विचारा. पेपर त्यात शेवटी येईल, आधी बागेतल्या औषधाच्या बाटलीवरची पट्टी येईल.

प्रश्न : गाजर, शेवग्याचा पाला, हे रोज खाल्लं तर मुलाचा मायनस नंबर जाईल का?

जाणार नाही. मायनस नंबर बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा लांब झाल्यानं येतो. मोठ्या माणसाचा गोळा साधारण २४ मिलिमीटरचा. एक मिलिमीटर जास्त लांबला की अडीच ते तीन नंबर आलाच. गाजर खाऊन गोळा आखूड होत नाही. पण शेवग्याची भाजी करा, जरूर करा. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो आणि पुढे बुबुळ फुटेपर्यंत मजल जाते. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत अंगणवाडीत जो गोड डोस पाजतात तो त्यासाठीच.

प्रश्न : मी विट्याचा, वय २०, स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. दोन दुकानांत दोन नंबर आले : एकीकडे –२.००, दुसरीकडे –२.५०. लाल आणि हिरव्या चौकटीत कुठली अक्षरं ठळक, असं विचारलं तेव्हा मी गोंधळलो. बरोबर उत्तर कोणतं असतं? आणि ६/६ म्हणजे नेमकं काय?

बाळा, बरोबर उत्तर नसतंच. तू इथेही उत्तरतालिका शोधतोयस.

काचेतून जाताना हिरवा प्रकाश लालपेक्षा जास्त वळतो. त्यामुळे डोळ्यात हिरव्याची प्रतिमा किंचित पुढे पडते, लालची किंचित मागे. अंतर साधारण अर्ध्या डायॉप्टरचं. तुझा मायनस कमी पडत असेल तर लाल चौकटीतली अक्षरं काळी ठळक दिसतील. जास्त झाला असेल तर हिरव्यातली. दोन्ही सारखी वाटली की नंबर जागेवर आला. म्हणजे ‘सारखंच वाटतंय’ हे उत्तर ऐकायला तपासणारा टपून बसलेला असतो, आणि पोरं नेमकी तेच सांगायला लाजतात. रंग ओळखायचा नसतोच. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्यांनाही मी हे विचारायचे, फक्त ‘डावीकडची की उजवीकडची’ असं.

आता दोन नंबर का? आधी तुला यंत्राला हनुवटी लावून बसवलं असेल. आत रस्त्याच्या टोकाला फुगा किंवा घर दिसलं असेल, आधी पुसट, मग स्पष्ट. तो फुगा मुद्दाम पुसट करतात, म्हणजे डोळा लांब पाहिल्यासारखा सैल पडावा. पण डोकं यंत्रात घातलं की तरुण डोळ्याला वाटतं, वस्तू जवळच आहे. भिंग फुगतं आणि यंत्र जास्त मायनस छापतं. यंत्राचा कागद ही सुरुवात असते. नंतर ‘ही काच चांगली की ही’ विचारतात तेव्हा जास्त मायनसची काच तुझ्या वयाला नेहमी आवडते, कारण अक्षरं बारीक आणि काळीभोर दिसतात. ती जास्तीची ताकद तुझं भिंग दिवसभर फुगून फेडत बसतं. त्यात बारा तास अभ्यास. माझा कौल –२.०० कडे आहे, पण पत्रावरून नंबर काढत नाही मी. बाहुली मोठी करायचे, भिंग सैल करणारे थेंब घालून एकदा तपासून घे, वाद मिटेल.

६/६ बद्दलही तू विचारलंयस. तो गुण नव्हे, अंतर आहे. हेरमान स्नेलेन या डच डॉक्टरांनी १८६२ मध्ये हा तक्ता काढला. वरचा ६ म्हणजे तू किती मीटरवर बसलास. खालचा म्हणजे चांगल्या नजरेच्या माणसाला ती ओळ किती मीटरवरून वाचता येते. ६/६० म्हणजे, तो साठ मीटरवरून वाचतो ते अक्षर तुला सहा मीटरवर यावं लागतं. ६/६ च्या ओळीतलं अक्षर जेमतेम ९ मिलिमीटर उंच, आणि त्यातली एकेक रेघ त्याच्या पाचव्या भागाएवढी. बऱ्याच तरुणांना त्याच्या खालची ६/५ ची ओळही येते, तेव्हा ६/६ म्हणजे पैकीच्या पैकी नव्हे. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी इंग्रजी ‘ई’सारख्या तीन काट्यांचा तक्ता असतो, काटे कुठल्या बाजूला ते हातानं दाखवायचं. एका आजींनी तो बघून मला विचारलं होतं, ‘दाताळं उलटं कशाला टांगलंय?’ त्यांची नजर ६/९ निघाली.

एक तपासणी घरी करून बघ. जाड पुठ्ठ्याला सुईनं एक भोक पाड आणि चष्मा काढून त्यातून लांबची पाटी बघ. स्पष्ट झाली तर दोष नंबरचा आहे, काच लावून भागेल. भोकातूनही पुसट राहिली तर काच बदलत बसू नये, आत डोळा तपासायला हवा. नंबर काढण्याआधी मी हे प्रत्येकाला करायला लावायचे, आणि कितीतरी जणांचा चष्म्याचा खर्च त्या टोचलेल्या पुठ्ठ्यानं वाचवला.

प्रश्न : वय ५८, माझा मालवाहू टेम्पो आहे. रात्री समोरून गाडी आली की ती गेल्यावरही काही क्षण रस्ता दिसत नाही. हंगामात उसाच्या ट्रॉल्या मागं दिवा नसताना उभ्या असतात, जीव घाबरतो. डोळे तपासले तर ६/६ आले. थोरल्या भावाला काचबिंदू आहे. माझं नेमकं काय?

तुमचं ६/६ खरं आहे आणि तक्रारही खरी आहे. तक्ता उजेडात असतो, पांढऱ्यावर काळंकुट्ट अक्षर असतं. दिवा नसलेली ट्रॉली अंधारात काळ्यावर काळी असते. तक्त्याला ते कुठून कळणार?

वय वाढलं की बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि भिंगही पिवळट होतं. साठीच्या माणसाच्या पडद्यावर विशीतल्या पोराच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. पडद्यावर अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी बारा कोटींच्या घरात असतात. त्यांच्यातलं जांभळट रंगद्रव्य प्रखर उजेडात विरतं आणि पुन्हा भरून यायला वेळ लागतो. पूर्ण अंधाराला सरावायला तरुणालाही वीस ते तीस मिनिटं लागतात, वयानुसार हे आणखी लांबतं. शिवाय मोतीबिंदूची नुसती सुरुवात असली तरी समोरचा दिवा आत विखुरतो, धुळीच्या काचेवर फुटावा तसा. तुमच्या टेम्पोची काच आणि चष्म्यावरचे ओरखडे हेही बघा. समोरून दिवा आला की त्याच्याकडे न बघता डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवा आणि वेग उतरवा.

पण मला जास्त काळजी भावाच्या वाक्याची वाटते. ते तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. काचबिंदू भावंडांत येतो. त्यात डोळ्यामागची नस झिजते आणि आधी कडेची नजर जाते. मधली शेवटपर्यंत राहते, म्हणून ६/६ वाचणाराही काचबिंदूचा रुग्ण असू शकतो. डोळ्यातला दाब पाऱ्याचे १० ते २१ मिलिमीटर असला की ठीक म्हणतात, पण काहींची नस तेवढ्या दाबातही झिजते. म्हणून दाब, नस आणि कडेची नजर अशा तिन्ही तपासण्या करून घ्या. गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली थेंबांनी राखता येते.

कडेच्या नजरेच्या तपासणीला लोक फार घाबरतात. अर्धगोल भांड्यात तोंड घालून मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आणि कुठेही लुकलुकलं की बटण दाबायचं. तुमच्यासारखे हुशार चालक काय करतात, तर दिसो न दिसो, दाबत सुटतात. तसं करू नका. ते यंत्र मुद्दामच दिवा मंद मंद करत जातं, तुम्हाला दिसेनासा होईपर्यंत. चांगल्या डोळ्यालाही त्यातले निम्मे ठिपके दिसत नाहीत. नुसतं बसून राहिल्यासारखं वाटलं तर वाटू द्या. आणि लुकलुकणारा ठिपका शोधायला डोळा फिरवलात तर सगळी तपासणी परत.

मालाची फेरी नसेल असा दिवस धरा. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की चार-पाच तास जवळचं पुसट आणि ऊन असह्य होतं, तेव्हा टेम्पो घरी ठेवून एसटीनं जा. भावाची जुनी फाईल बरोबर घ्या.